मेणाच्या नळीतला आवाज

९ जानेवारी १९५८

बाबांचा आवाज सापडला! 

माझ्या भाच्याने, शरदने, आज बैठकीतल्या फोनोग्राफच्या पेटीचं कुलूप तोडलं. किल्ली बाबांच्या मागे कुठे गेली कोणास ठाऊक. इतकी वर्षं मी त्या पेटीवर फुलदाणी ठेवत आले, टेबल असल्यासारखी पुसत आले. आत पितळी भोंगा, यंत्र फिरवायची चावी, आणि पुठ्ठ्याच्या डबीत कापसात गुंडाळलेली एक मेणाची नळी. तपकिरी, पाण्याच्या पेल्याएवढी. डबीवर बाबांच्या हातचा एकच शब्द – 'चिमणी'.

"आत्या, हे विकतचं नाही," शरद म्हणाला. "हे घरी भरलेलं आहे. तेव्हाच्या यंत्रात ती सोय होती. भोंग्यात तोंड घालून बोलायचं, मेणावर खाच पडायची."

"म्हणजे बाबा?"

"आजोबांचं यंत्र, आजोबांची कविता, आजोबांचं अक्षर. दुसरं कोण?"

'चिमणी' कोणाला येत नाही! पहिलीच्या पुस्तकात आहे. मी शाळेत शिकवायची, माझ्या वर्गातल्या मुली म्हणायच्या तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी राहायची.

चिमणी गेली पाण्याला, ऊन उभं दारी
घरट्यातलं एक पीस राखण करी

आणि गंमत ही, की बाबांच्या तोंडून ती मी कधीच ऐकली नाही. सभेत लोक आग्रह करायचे – भैयाजी, 'चिमणी' होऊ द्या! बाबा पायांकडे बघायचे आणि दुसरीच एखादी कविता म्हणायचे. लोक म्हणत, केवढा विनय.

म्हणजे एकदा म्हटली होती तर. एकटं बसून, भोंग्याला.

१० जानेवारी

झोप लागली नाही. बाबा कसे बोलायचे ते आठवत राहिले. शब्द आठवतात, आवाज नाही. हे भयंकर आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

गिरिधर तिळगूळ द्यायला आला. त्याला नळीचं सांगितलं, तर खुर्चीतून उठून उभाच राहिला. पाडव्याला बाबांच्या पहिल्या पुस्तकाची, 'चिमणी' ज्यात आहे त्या 'अंगणगाणी'ची, नवी आवृत्ती निघायची आहे. वाचनालयाच्या हॉलमध्ये समारंभ. "यमूताई, आपण भैयाजींचा आवाज ऐकवू! सगळं नागपूर लोटेल. अन् प्रस्तावना तू लिहायची, तुझ्याशिवाय कोणी नाही."

नागपूरचं राजधानीपण गेल्यापासून या शहराला तेवढंच हवं आहे – आपलंही काही होतं, असं कोणीतरी मोठ्यांदा सांगणारं.

गिरिधर माझा भाऊ, धाकट्या आईचा; बाबांना तोही लोकांसारखा भैयाजीच म्हणतो. सावत्र हा शब्द तिने घरात येऊ दिला नाही, मीही नाही. माझी आई गेली तेव्हा मी साडेतीन वर्षांची. तिचं काही आठवतं का, असं लोक विचारतात तेव्हा मी नाही म्हणते. एक गोष्ट आठवते, पण ती सांगण्यासारखी नाही. ती मला थोपटायची आणि थोपटता थोपटता मध्येच थांबायची. हात पाठीवर तसाच राहायचा. मी वाट बघायची. मग पुन्हा सुरू.

एवढंच. का थांबायची, कोण जाणे. दमत असेल.

पुढे बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं. घराच्या मागच्या गल्लीतून घंटा ऐकू आली की पळत सुटायचं. नातेवाइकांनी केवढं सुनावलं – पोरीला मडम करायचं आहे का? बाबा म्हणाले, "तिला लिहिता आलं पाहिजे." सगळ्यांना वाटलं, इंग्रजी लिहिता आलं पाहिजे.

२२ जानेवारी

आज फार रागावले. या वयात शोभत नाही.

पुष्पलता आली होती. युनिव्हर्सिटीत मराठीचं संशोधन करते, विषय बाबांच्या चार पुस्तकांची भाषा. गोड मुलगी. पण पद्धत काय, तर शब्द मोजायचे! तेही मोठे नाहीत – आणि, पण, तर, मग. मी म्हटलं, "कविता म्हणजे काय डाळ आहे, निवडायला?"

ती हसली. "यमूताई, मोठे शब्द माणूस निवडतो. लहान आपोआप पडतात. म्हणून माणूस ओळखायचा तर लहान शब्दांवरून. चालीवरून ओळखतो ना आपण पाठमोरा माणूस, तसं."

"मग ओळखलंस का बाबांना?"

तिने वहीची पानं उलटली. नंतर म्हणाली, पुढची तिन्ही पुस्तकं एका हातची दिसतात. 'अंगणगाणी' त्यांच्यात बसत नाही. पुढच्या पुस्तकांत किल्ला आहे, बाजार आहे, कचेरी आहे. "पहिल्या पुस्तकातला माणूस उंबरठ्याबाहेर पडतच नाही, ताई. सगळं घरातून बघितलेलं."

मी म्हटलं, "माणूस बदलतो. त्या पुस्तकाच्या आधी दोन वर्षं त्यांची बायको गेली होती. तू अजून लहान आहेस." आणि चहा न देता तिला जाऊ दिलं. चहा न देता! आईने – धाकट्या आईने – मला घरात घेतलं नसतं.

२३ जानेवारी

शरदबरोबर पुष्पलताला संत्री पाठवली. तो फारच उत्साहाने घेऊन गेला. बरं!

२ फेब्रुवारी, रविवार

ऐकला. बाबांचा आवाज ऐकला.

शरदने तो शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळं मांडलं होतं. जुन्या यंत्राची जड सुई मेण खरवडते, म्हणून त्याने हलकी सुई बनवली आहे, मोटर लावली आहे. नळी फिरेल आणि आवाज तसाच शेजारच्या टेपरेकॉर्डरच्या फितीवर उतरेल. तो काय काय सांगत होता – नळी किती वेगाने फिरवून भरली हे कुठे लिहिलेलं नाही, मेण झिजू नये म्हणून मी हळूच फिरवून राहिलो – माझं लक्ष कुठे होतं!

आधी लाह्या फुटाव्यात तशी तडतड. मागे कसलीशी जड घरघर, यंत्राची असेल. मग एकदम बाबा. संथ, खालच्या पट्टीतला आवाज, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा. 'चिमणी गेली पाण्याला'… पुढचं स्पष्ट नाही, मध्ये थांबल्यासारखं वाटतं, पुन्हा पुढे. शेवटी काहीतरी घोगरं पुटपुटणं. जेवण मनासारखं झालं की बाबा हं-हं करायचे, अगदी तसं! आणि दूर कुठेतरी देवळातली मोठी घंटा.

मी पदराने तोंड झाकून रडले. गिरिधरही रडला. तो म्हणाला, "भैयाजीच. शंभर टक्के."

मी म्हटलं, "पुन्हा लाव."

"नळी नाही आता, आत्या. तिला तडा गेला. पण फितीवर आहे, पाहिजे तितक्यांदा ऐक."

पाहिजे तितक्यांदा! असं कोणाच्या बाबतीत घडतं?

३ फेब्रुवारी

आज पुन्हा ऐकला. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य सुचलं.

९ फेब्रुवारी

रुख्माबाईंना सांगायला टिमकीला, विणकरांच्या वस्तीत, गेले. त्यांच्या गल्लीत शिरलं की अजून सगळीकडून मागांची खटखट. त्या मूळच्या उमरेडच्या, लग्न होऊन इथल्या कोष्ट्यांच्या घरी आल्या. मी तान्ही होते तेव्हापासून आमच्याकडे मला सांभाळायला येत आणि येताना आपला चरखा घेऊन येत. मी खेळत असले की व्हरांड्यात बसून घरच्या मागासाठी कांड्या भरायच्या – सुताच्या त्या छोट्या नळ्या, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या. आता दिसतं कमी, तोंड मात्र तसंच.

मी म्हटलं, "रुख्माबाई, बाबांचा आवाज सापडला! 'चिमणी' म्हणताहेत."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला. "भैयाजी? गाऊन राहिले? अवं, तुया बापाले आरती धड म्हणता येत नव्हती! टाळ बी उलटाच पडे त्याइचा."

"गात नाहीत हो, म्हणताहेत."

"मंग असन बापा. यंत्रात काय बी होते." मग माझा हात हातात घेऊन चाचपडत म्हणाल्या, "तुले बरं वाटलं ना? मंग झालं. हाडं निघाली वं तुयी. जेवत नाही का धड?"

"मला 'चिमणी' पहिल्यांदा तुम्हीच ऐकवली ना?"

"मंग काय! रोज म्हणा लागे. नाही म्हटलं का तू घास थुके. तुया घरातलंच गानं, तुलेच खाऊ घालाले."

येताना उन्हात पळस फुललेला दिसला. मला फार बरं वाटत होतं.

१२ फेब्रुवारी

शरद ती फीत रोज ऐकतो, पण माझ्यासारखी नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उठते, ती मोजत बसतो. आज जेवताना म्हणाला, "आत्या, ही घंटा कुठली?"

"देवळातली असेल."

"कुठल्या देवळातली? या घरात कुठल्या देवळाची घंटा ऐकू येते?"

"तेव्हा येत असेल. तेव्हा एवढा गोंगाट नव्हता."

"ती घंटा सापडली ना, तर मला नळीचा खरा वेग काढता येईल. माणसाचा सूर वयानं बदलते. घंटेचा नाही बदलत. आजचा सूर अन् फितीवरचा सूर ताडून पाहायचा, बस. मी अंदाजानं फिरवली आहे ना."

"चांगली तर वाजते आहे. तू उगाच –"

"मी उगाचच मोजतो, आत्या. तेच तर काम आहे."

१३ फेब्रुवारी

दुपारी फीत लावली. यावेळी बाबांकडे नाही, घंटेकडे कान दिला.

तीन ठोके. मग थांबा. पुन्हा तीन. मग थांबा. पुन्हा – आणि नळी संपते.

हातातलं विणकाम खाली पडलं.

असं कुठलंही देऊळ वाजवत नाही. असं फक्त एक ठिकाण वाजवतं. तीन, तीन, तीन, मग नऊ. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वर्गात काहीही चाललेलं असो, बाकावरून उठून हात जोडायचे. ज्या त्यांच्या धर्मातल्या नव्हत्या त्यांनीही नुसतं उभं राहायचं. मदर ॲग्नेस म्हणायच्या, घंटा बोलते तेव्हा मुलींनी बोलू नये. मी दहा वर्षं उभी राहिले. झोपेतही ओळखेन.

पण आमच्या घंटेचा आवाज केवढा किणकिणता! फितीवरची तर घुमते, खोल, जड.

म्हणजे नळी हळू फिरली, म्हणून फीत खोल आहे. म्हणजे सगळंच.

हे मला एकटीला कळलं आहे. शरद कॉन्व्हेंटात शिकला नाही, त्याला ठोक्यांची ही रीत माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

काही बोलले नाही. शरदने विचारलं, "डोकं दुखून राहिलं का?" हो म्हटलं.

१५ फेब्रुवारी

आजही नाही.

दुपारी फीत लावली. बाबा. संथ, जपून. मी त्यांना इतकी वर्षं शोधत होते. त्यांना मीच घालवू? काय अडलं आहे? पाडवा होऊन जाऊ दे. लोक ऐकतील, टाळ्या वाजवतील, घरी जातील. घंटा कोण मोजतं!

आणि मग बाराची घंटा झाली. खरी. गल्लीमागून. तीन, तीन, तीन. मी उठून उभी राहिले – सवयीने. आणि उभी असताना मनात फसवणं मला कधीच जमलं नाही. तेवढं तरी मदरनी शिकवलं.

संध्याकाळी शरदला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला माहीत आहे ना आत्या, याचा काय अर्थ होऊ शकते?"

"नाही. आणि तू आधी सांगू नकोस. मोज."

२० फेब्रुवारी

शरद टेपरेकॉर्डर घेऊन कॉन्व्हेंटात गेला, मी बरोबर. आता सगळे चेहरे नवे. पण घंटा तीच, बोटीतून आलेली, एकदाही खाली न उतरवलेली. एका तरुण सिस्टरने मी इथेच शिकले का म्हणून विचारलं, "यू आर अॅन ओल्ड गर्ल?" व्हेरी ओल्ड, म्हटलं. हसली.

बाग होती तिथे आता सायकलींची शेड आहे. मला उगीच तिथे थोडा वेळ उभं राहावंसं वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. जसं झालं तसं.

शरदने टेपच्या कप्पीवर पट्टी गुंडाळली, म्हणजे फीत जोरात धावते. घंटेपासून सुरुवात केली. वेग वाढवत गेला, वाढवत गेला – आणि एका क्षणी घंटा आमची झाली. किणकिणती, सकाळची. मी म्हटलं, "हीच."

मग त्याने पहिल्यापासून लावलं.

बाबा नाहीत. एक बाई गाते आहे.

कोवळा, घाईघाईचा आवाज, गातागाता हसू दाबल्यासारखा. मागची ती यंत्राची घरघर – चरख्याची आहे. खोल फितीत मधले जे शब्द कळत नव्हते ते आता स्वच्छ ऐकू येतात. ती म्हणते, 'चिमणी गेली पाण्याला, ऊन बसलं दारी'. थांबते. अगदी हळू म्हणते, 'अंहं.' गप्प. आणि मग, 'ऊन उभं दारी' – आणि पुढे जाते.

पुष्पलतालाही शरदने बोलावलं होतं, ती म्हणाली, "ताई, पाठ केलेलं गाणारा चुकला तर चुकलेला शब्द दुरुस्त करतो. ही दुरुस्त नाही करत. ही शोधते आहे. पुस्तकात 'उभं' आहे. ते इथे, या क्षणी सुचलं आहे."

 शेवटचं पुटपुटणं यायचं होतं, बाबांचं हं-हं. ते आलं. एक लहान मूल आहे. म्हणतं, 'पुना म्हन.'

मग घंटा. मग संपलं.

पुष्पलता माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चरखा. रुख्माबाई तुम्हाला हेच गाणं म्हणून भरवायच्या, असं तुम्हीच सांगितलं ना?"

हो. रोज.

मी बाबांचा आवाज ओळखला होता. शपथेवर सांगितलं असतं. ज्याला मी बाबा म्हटलं तो या जगात कधी कोणाचाच आवाज नव्हता.

२४ फेब्रुवारी

गिरिधर येऊन गेला. बसला नाही.

"म्हणजे काय छापायचं आता? की भैयाजींनी मोलकरणीची गाणी स्वतःच्या नावावर घातली?"

"रुख्माबाईंना मोलकरीण म्हणू नकोस."

"यमूताई, तू घंटेचं बोलली नसतीस तर कोणाला कळणार होतं?"

कोणालाच नाही, म्हटलं.

"अन् आपलेच वडील ना ते!" दारातून परत आला. त्याचे डोळे भरले होते. "मी त्यांचा आवाज ऐकला गं, तीन आठवडे तरी. तूही ऐकला. ते तरी राहू द्यायचं."

 त्याच्या पाठीवरून हात फिरवला. छपाई थांबवायला सांगितली आहे. रुख्माबाईंना विचारल्याशिवाय प्रस्तावनेची एक ओळ लिहिणार नाही. हे गाणं त्यांचं असेल तर वर नाव त्यांचं. बाबांचं नाही.

हे लिहिलं खरं. पण बाबा, का? सभेत पायांकडे बघण्यापेक्षा एकदा नाव का नाही घेतलंत?

२६ फेब्रुवारी

रुख्माबाईंना ताप. रविवारी येते म्हणाल्या.

२ मार्च, रविवार

रुख्माबाई आल्या. रिक्षावाल्याशी भांडत उतरल्या. गिरिधरही आला होता, लांब बसला. शरदने फीत लावली. त्यांनी कान अगदी टेपरेकॉर्डरला टेकवला आणि लगेच ओरडल्या, "हा माया चरखा!"

"आणि गाणं, रुख्माबाई? तुम्हीच ना?"

"मले कोण त्या भोंग्यापुढं बसवते? मी तं व्हरांड्यात कांड्या भरून राहिली होती. गाऊन राहिली ते तुयी माय वं. सारे गाने तिचेच; तिले लिहिता येत नव्हतं, तुया बाप लिहून घे. तुयी माय गेल्यावर म्या म्हटले तुयासाठी, मले येत तेवढे. मले वाटलं, तुले ठाऊक हाय."

 त्याच पुढे म्हणाल्या, "तुया बाप तिथंच होता, यंत्राची चावी धरून. कोणी हूं का चूं करू नका म्हणे. अन् तूच बोलली."

गिरिधर बऱ्याच वेळाने उठला. जाताना मला विचारलं, "थोरल्या आईंचं नाव नुसतं लिहायचं, की आडनावासकट?" नुसतं म्हटलं. गोपिका.

सगळे गेले. मी फीत लावली. ती गाते, थांबते, हात पाठीवर तसाच. मग 'उभं' सापडतं, आणि पुढे जाते. मग ती पोर म्हणते, 'पुना म्हन.' आणि नळी संपते.

मी फीत मागे गुंडाळली. आईने पुन्हा म्हटलं.